गावरान कोंबड्याची मान, धनगरी जावळ आणि कोल्हापूरचा पावसाळा : फ्लायसाठी पिसे व केस कसे तयार करावेत

परदेशातून मागवलेले हॅकल, म्हणजे कोंबड्याच्या मानेवरची लांब पिसे, परवडत नाही, म्हणून कोल्हापूर परिसरात मिळणाऱ्या कोंबडी, बकरी आणि मेंढी यांच्या पिसांवर व केसांवर फ्लाय, म्हणजे मासेमारीच्या गळावर पिसे व केस बांधून केलेले किड्यासारखे खोटे आमिष, बांधण्याचे काम भागेल का, असे आपण विचारले आहे. आषाढात मीठ लावून वाळवलेल्या दोन माना, म्हणजे पिसांसकट काढलेली मानेची कातडी, श्रावणात ओलसर होऊन कुबट वास मारू लागल्या आणि दिवाळीपर्यंत त्यांना कीड लागली, त्याचे कारणही आपल्याला हवे आहे. शिवाय गगनबावड्याकडच्या नातेवाइकांच्या घरी रानकोंबड्याची एक जुनी मान आहे, ती वापरावी की नाही, हा आपला तिसरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर ती पुढे निस्तरता येत नाही.

ती मान वापरू नये, विकत किंवा भेट म्हणून घेऊ नये, आणि गगनबावड्याहून कोल्हापुरातही आणू नये. राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांच्या टोकाशी जे मेणचट, पिवळसर पांढरे ठिपके असतात, त्यांच्यासाठी सालमन माशाच्या पारंपरिक फ्लाय बांधणारे लोक वेडे होतात, आणि हा पक्षी आपल्याच सह्याद्रीत, राधानगरी आणि दाजीपूरच्या जंगलात राहतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे तो संरक्षित आहे. त्याची शिकार हा गुन्हा आहे आणि शिकार केलेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी व त्याचे अवशेष ही सरकारची मालमत्ता ठरते. मान जुनी आहे एवढ्यानेच ती बाळगणे कायदेशीर ठरत नाही, म्हणून नातेवाइकांनी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन तिची माहिती द्यावी, हाच सरळ मार्ग आहे. परदेशातले बांधणारे आज हीच पिसे पिंजऱ्यात पैदास केलेल्या पक्ष्यांची वापरतात. दुर्मीळ पिसांचा हव्यास माणसाला कुठे नेतो, ते 2009 साली इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयात दिसले. तिथून 299 पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली आणि त्यांतील बरीच पिसे फ्लाय बांधणाऱ्यांना विकली गेली. शास्त्राचे झालेले ते नुकसान आजही पूर्ण भरून निघालेले नाही. मेणचट ठिपका हवाच असेल, तर गावरान कोंबड्याच्या काळ्या पिसावर फिकट पिवळ्या इनॅमल रंगाचा एक थेंब टेकवून, तो वाळल्यावर त्यावर वॉर्निशचा हात द्यावा. माशाला तेवढे पुरते.

सांबर, चितळ, रानससा आणि मुंगूस यांच्या केसांनाही हेच लागू आहे. सांबराचा केस आतून पोकळ असल्यामुळे दोरा आवळताच फुलतो आणि पाण्यावर तरंगतो, हे खरे आहे. तो गुण आपल्याला फोमच्या पट्टीतून मिळवता येतो. मोराचे पीस तेवढे वेगळे पडते. मोर संरक्षित असला, तरी त्याने आपणहून गाळलेली शेपटीची पिसे देशांतर्गत बाळगण्यास मुभा आहे, मात्र ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पिसाच्या देठाला रक्ताचा किंवा मांसाचा अंश दिसला, तर ते उपटलेले आहे असे समजून हात लावू नये. गळून पडलेल्या पिसाचा देठ स्वच्छ, कोरडा आणि गुळगुळीत असतो.

आता मुख्य विषयाकडे येतो. गावरान कोंबड्यावर काम भागते का, तर भागते, आणि चांगले भागते. अमेरिकेत केवळ पिसांसाठी कोंबड्यांची पैदास सुरू होण्यापूर्वी पाश्चात्य बांधणारे मोठ्या प्रमाणावर भारतातून आणि चीनमधून जाणाऱ्या मानांवरच अवलंबून होते. आपला कोंबडा या कामात नवखा नाही. फरक एवढाच की पैदाशीच्या कोंबड्याचे हॅकल लांब, बारीक कण्याचे आणि एकसारख्या मापाचे असते, तर गावरान मानेत मोठी पिसे पुष्कळ आणि बारीक पिसे थोडी निघतात. चिलापीसाठी 12 किंवा 14 क्रमांकाच्या लहान गळावर फ्लाय बांधायची झाल्यास एका मानेतून मोजकीच पिसे हाती लागतात. मरळ किंवा महसीर यांच्यासाठी मोठ्या गळावर बांधायचे असेल, तर तीच मान दीर्घकाळ पुरते.

कोंबडा निवडताना वय पाहावे. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत कापला जातो. त्याची पिसे अपक्व, मऊ आणि पांढरी असतात, आणि तरंगणाऱ्या फ्लायसाठी त्यांचा काहीही उपयोग नाही. निदान वर्ष उलटलेला, पूर्ण वाढलेला, चमकदार मानेचा गावरान कोंबडा हवा. वडगावच्या आठवडी बाजारात किंवा खेड्यातल्या ओळखीच्या घरी असा पक्षी नजरेस पडतो. मानेचे एक पीस हलकेच मागे वळवून पाहावे. तंतू ताठ उभे राहिले, त्यांच्यात आरपार उजेड दिसला आणि कण्याजवळचा मऊ, धुरकट, जाळीदार भाग पिसाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापुरताच असला, तर ते पीस कोरड्या, म्हणजे तरंगणाऱ्या, फ्लायचे आहे. हा जाळीदार भाग पाणी शोषतो. तो टोकापर्यंत गेला असेल, तर ते पीस बुडणाऱ्या फ्लायसाठी बाजूला ठेवावे. कोंबडीचे पीस जवळजवळ सगळेच असे मऊ असते, आणि म्हणून बुडत्या फ्लायची मान कोंबडीची घ्यावी. पाण्याखाली त्या पिसाची जी हालचाल होते, ती कोंबड्याच्या ताठ पिसाला साधत नाही. कोंबड्याच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडची लांब पिसे स्ट्रीमरच्या, म्हणजे लहान माशासारख्या दिसणाऱ्या लांब फ्लायच्या, पंखांना उत्तम, तीही मागून घ्यावीत.

खरी अडचण दुकानात येते. गावरान कोंबडा सोलण्याआधी कढत पाण्यात बुडवतात आणि नंतर हळद लावून जाळावर भाजतात. पाण्यात बुडवलेली पिसे मुळातून सुटतात, एकमेकांना चिकटतात, आणि मान म्हणून त्यांची रचनाच उरत नाही. म्हणून दुकानदाराला आधी सांगून ठेवावे लागते. पक्षी पूर्ण शांत झाल्यावर, पाण्यात घालण्याआधी, तुऱ्याच्या मागून सुरुवात करून मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली येत दोन्ही खांद्यांच्या मधोमध संपणारा कातडीचा पट्टा कापून घ्यायचा असतो. गळ्याकडचा भाग रक्ताने माखलेला असतो, पण हॅकल मानेच्या मागच्या बाजूला असते, त्यामुळे चांगल्या पिसांना सहसा धक्का लागत नाही. स्वयंपाकाला या पट्ट्याची गरज नसते, म्हणून गिऱ्हाईकही हरकत घेत नाही. स्पेनमधील लिऑन प्रांतात खास पाळलेल्या कोंबड्यांची पिसे पक्षी जिवंत असतानाच वर्षातून अनेकदा उपटतात. तिथल्या पिसांचे नाव जगभर आहे. तरीही आपल्याकडे कोणी ही पद्धत उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा तर आहेच, पण ज्या कामाला खाण्यासाठी कापलेल्या पक्ष्याची टाकाऊ कातडी पुरते, त्यासाठी जिवंत पक्ष्याला वेदना देण्याचे कारणच नाही.

आरोग्याची एक बाब इथेच सांगतो. मेलेला सापडलेला पक्षी, आजारी कळपातला पक्षी किंवा बर्ड फ्लूची बातमी असलेल्या भागातला पक्षी कितीही सुंदर असला, तरी घेऊ नये. 2006 साली बर्ड फ्लूमुळे नवापूरला काय झाले, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. फ्रीजरमध्ये ठेवल्याने किडे मरतात, विषाणू मरत नाही. ताजी कातडी हाताळताना हातमोजे घालावेत.

आता ती मान तयार करण्याची रीत सांगतो, आणि आपल्या दोन माना का बिघडल्या, त्याचे उत्तर त्यातच आहे. पट्टा घरी आणताच थंड पाण्यात खळखळून धुवावा. गरम पाणी घेतले, तर रक्त पिसावर पक्के बसते. रक्त गेल्यावर कोमट पाण्यात रिठ्याचा फेस किंवा भांड्यांचा सौम्य द्रवसाबण घालून पिसे देठाकडून टोकाकडे हाताने निपटावीत. धुण्याचा सोडा अजिबात वापरू नये. पीस आणि केस दोन्ही केराटिनचे असतात, आणि तीव्र क्षाराने केराटिन खचते. दोनतीनदा स्वच्छ पाणी बदलून, जाड टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपावे. पिळू नये.

मग पट्टा पिसांची बाजू खाली करून पुठ्ठ्यावर पसरावा आणि कडेकडेने टाचण्या माराव्यात. कातडी ताणू नये, तिच्या नैसर्गिक रुंदीत ठेवावी. जास्त ताणली, तर पिसांची मुळे विस्कटतात. आता कातडीची आतली बाजू वर असते, आणि तिच्यावर पिवळसर चरबीचे पुंजके दिसतात. सगळ्या कामाचा जीव या टप्प्यात आहे. बोथट सुरीच्या पाठीने, मधून कडेकडे, न घाई करता चरबी खरवडावी. पुंजके निघाले की एक तेलकट पडदा उरतो, तोही काढावा. मध्येच टिपकागद दाबून पाहावा. त्यावर तेलाचा डाग उमटत असेल, तर काम संपलेले नाही. राहिलेली चरबी हळूहळू पिसांच्या मुळांत झिरपते, खवट होते, कातडी पिवळी आणि ठिसूळ पडते. कातडी पोखरणाऱ्या भुंग्यांच्या अळ्यांना नेमके हेच खाद्य हवे असते. बहुतेक लोक मीठ किती लावावे याची चिंता करतात आणि चरबीकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. पूर्ण खरवडलेली कातडी नुसत्या पंख्याखाली वाळली, तरी टिकते. चरबी राहिलेल्या कातडीला कोणतीही पूड वाचवू शकत नाही.

मिठाबद्दल आपण विचारलेच आहे. मीठ कातडीतले पाणी ओढून घेते, म्हणून कोरड्या हवेच्या देशांत ते मान्य आहे. परंतु कातडीत मुरलेले मीठ पावसाळ्यात हवेतले पाणीही तितक्याच तत्परतेने ओढते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर, विशेषतः राधानगरी आणि गगनबावड्याच्या बाजूला, हवा सतत दमट असते. आपल्या माना वाळल्या होत्या. मिठामुळे त्या पुन्हा पाझरल्या, मग बुरशी आली, आणि वास आल्यावर कीड आली. यावर उपाय टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. काष्ठौषधींच्या दुकानात तो सहज मिळतो. बारीक कुटून, वस्त्रगाळ करून खरवडलेल्या कातडीवर पातळ थर चोळावा, दुसऱ्या दिवशी झटकून पुन्हा कोरडा थर द्यावा. तो हवेतले पाणी मिठासारखे ओढत नाही आणि किडीलाही मानवत नाही. पोटात गेल्यास अपायकारक असल्याने तो मुलांपासून दूर ठेवावा, पूड नाकात जाऊ देऊ नये आणि काम झाल्यावर हात धुवावेत. मीठ वापरलेच, तर बारीक मीठ, फक्त पहिल्या दिवसापुरते, आणि नंतर ब्रशने कणन्‌कण झाडून.

वाळवण सावलीत, पंख्याखाली करावी. कडक उन्हात कातडीची चरबी वितळून पिसांत उतरते आणि रंगही उडतो. तेल शोषलेला पुठ्ठा बदलावा. कातडी पापडासारखी कडक झाली आणि वाकवताना चिवटपणा जाणवेनासा झाला की ती तयार समजावी. हिवाळ्यात आठवडाभरात हे साधते. आपल्याकडची पंचाईत अशी की गावरान कोंबडे सर्वांत जास्त कापले जातात ते आषाढात, त्र्यंबोलीच्या यात्रेच्या आणि गल्लोगल्लीच्या जेवणांच्या दिवसांत, आणि नेमकी तीच हवा वाळवणीला सर्वांत वाईट. त्या दिवसांत माल जरूर घ्यावा, पण वाळवण्याचा हट्ट धरू नये. पट्टा धुऊन, चरबी खरवडून, पाणी टिपून, हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावा आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत बाहेर काढून टाकणखार लावून वाळवावा. फ्रीजरमध्ये मान काही महिने बिनधास्त राहते.

बदक आणि गिनी कोंबडी यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. पाळीव बदकाच्या शेपटीवरील तेलग्रंथीभोवती जी मऊ, लवदार पिसे असतात, ती तरंगत्या फ्लायसाठी अमोल आहेत. ती साबणाने धुऊ नयेत, नाहीतर त्यांतील नैसर्गिक तेल निघून जाते. फक्त कोरडी झटकावीत आणि चोळामोळा न करता कागदी पाकिटात ठेवावीत. रानबदकांना हात लावू नये. गिनी कोंबडीची ठिपक्यांची पिसे फ्लायच्या शेपटीला आणि पायांना छान दिसतात, आणि त्यांना धुण्यापलीकडे काही करावे लागत नाही. मोराच्या पिसातील डोळ्याजवळचे तंतू खोडरबरने एका दिशेने घासले की हिरवी लव निघून पट्टेदार दांडी उरते. ती गळावर वळून घेतली की किड्याच्या शरीराचे वलय जसेच्या तसे येते.

फ्लायच्या शरीरासाठी लागणाऱ्या लोकरीच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर काळी, राठ आणि चिवट असते. घोंगडीला ती शोभते, पण नुसती घेतली तर दोऱ्यावर नीट वळत नाही. कोकराची पहिली कातरणी, जिला जावळ म्हणतात, ती मात्र मऊ असते. जावळ दोन भाग आणि राठ लोकर एक भाग असे मिश्रण केले, की शरीर घट्ट वळते आणि बाहेर थोडे खरखरीत केसही उभे राहतात. पाण्याखालच्या अळीचे पाय आणि कल्ले त्यातूनच सुचतात. मिसळण्यासाठी दोन्ही प्रकार बारीक कातरून काचेच्या बरणीत कोमट पाण्यात साबणाच्या एकदोन थेंबांसह हलवावेत, गाळून दाबावेत आणि वाळवून बोटांनी विंचरावेत. लोकर रिठ्याच्या पाण्यात नुसती बुडवून ठेवावी, चोळू नये. चोळली आणि पाणी एकदम गरम केले, की ती आकसून जमते. तरंगत्या फ्लायसाठी मेंढीचे मेण पूर्ण काढू नये, बुडत्या फ्लायसाठी काढावे. पांढऱ्या पाळीव सशाचा लव आणि घरच्या कुत्र्याला विंचरताना निघणारी आतली लोकरही याच रीतीने वापरता येते. लॅब्रॅडॉरची लोकर जराशी तेलकट असल्याने विशेष चांगली.

बकऱ्याच्या शेपटीचे आणि मागच्या अंगावरचे लांब केस महसीरच्या स्ट्रीमरला उपयोगी पडतात. हा केस भरीव असतो, म्हणून दोरा आवळल्यावर फुलत नाही, सरळ राहतो आणि बुडतो. शेपटी आणल्यावर खालच्या बाजूने चीर देऊन हाड काढून टाकावे, चरबी खरवडावी, आणि मानेसारखाच टाकणखार लावून वाळवावी. हाड आत ठेवून वाळवलेली शेपटी आतून कुजते. बोकडाचा वास उग्र असतो, त्यामुळे रिठ्याने दोनदा धुवावे. खाटकाकडचे निरोगी जनावर एवढेच आपले क्षेत्र. कारण न कळता मेलेल्या शेळीमेंढीची लोकर किंवा केस कधीही घेऊ नयेत. काळपुळीचे, म्हणजेच अँथ्रॅक्सचे बीजाणू केसांत वर्षानुवर्षे टिकतात आणि साध्या धुण्याने मरत नाहीत.

वाळलेला माल साठवण्याआधी प्रत्येक तुकडा हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावा, दोनतीन दिवस बाहेर ठेवावा, आणि पुन्हा दोन आठवडे आत. मधल्या दिवसांत उरलेली अंडी उबतात आणि दुसऱ्या फेरीत अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर जमते, पिसांवर नाही. त्यानंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवून मेअखेर डबा बंद करावा आणि नवा माल महिनाभर वेगळ्या डब्यात राहू द्यावा. तळाशी पिठूळ भुकटी किंवा केसाळ, पोकळ, तपकिरी साली दिसल्या, तर अळी आहे असे समजून पूर्ण डबा फ्रीजरमध्ये घालावा. कडुनिंबाच्या पाल्यावर अनेकांची श्रद्धा आहे. तो अळी मारत नाही आणि अर्धवट सुकला असेल तर ओल मात्र आणतो. डांबर गोळ्या प्लास्टिकला चिकटून ते विरघळवतात आणि त्यांचा वास फ्लायला लागतो, म्हणून मी त्या वापरत नाही. चेपलेली पिसे किटलीच्या वाफेवर क्षणभर धरली की पुन्हा उभी राहतात.

रंगवायचे असल्यास पांढरी पिसे आणि पांढरे केस घ्यावेत, आणि त्यांतील तेल आधी पूर्ण काढावे, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. लोकर आणि रेशीम यांसाठीचे आम्लरंग पिसालाही चालतात. पाणी वाफाळते असावे, उकळते नसावे, आणि रंग मुरल्यावर थोडे व्हिनेगर घालावे. हळदीचा पिवळा सुरेख दिसतो, पण उन्हात लवकर उडतो. चहाच्या दाट काढ्याने फिकट तपकिरी छटा येते आणि ती टिकते. कोल्हापुरी चपलांचे चामडे कमावणारे जो हिरडा वापरतात, त्याच्या काढ्यात चिमूटभर हिराकस (लोहाचा क्षार) घातले की शिशासारखा करडा रंग मिळतो, जो विकतच्या रंगातही क्वचित साधतो. हिराकस जास्त झाल्यास पिसे ठिसूळ होतात, म्हणून आधी एका पिसावर पाहावे. ओले पीस नेहमी गडद दिसते. ते वाळवून, खिडकीशी दिवसाच्या उजेडात पाहूनच छटा ठरवावी, आणि रंगवलेला माल पुन्हा पूर्ण कोरडा झाल्याशिवाय डब्यात ठेवू नये.